तारापूर, तांबे आणि काच

तारापूर अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, तेव्हा संदेश दूरवर नेण्याजोगा काचतंतू जगात नव्हता. कॉर्निंगने तो १९७० मध्ये घडवला. भारतात टेलिफोन केंद्रे जोडणारी पहिली प्रकाशीय वाहिनी १९७९ साली पुण्यात कार्यान्वित झाली. कौतुक काचेचे झाले. तिच्या टोकांच्या डब्या उपेक्षितच राहिल्या.

बोईसर-तारापूरसारख्या कारखानदारीत मोटारींचा विद्युत गोंगाट तांब्याच्या तारेत शिरतो. शिवाय इथरनेटची ही तार १०० मीटरांवर थकते. काचेला दोन्हींची बाधा नाही, पण संगणकाला प्रकाश वाचता येत नाही. तो अनुवाद ट्रान्सिव्हर मॉड्यूल आणि मीडिया कन्व्हर्टर करतात. एकाच तंतूवर दुहेरी संवाद हवा, तर एक टोक १३१० नॅनोमीटरवर बोलते आणि १५५० वर ऐकते. दुसरे नेमके उलट. दोन्हीकडे एकसारखीच मॉड्यूल बसवली, तर वाहिनी मुकी राहते.