खेळण्यातील आगगाडी आणि वऱ्हाडचा रूळ

छोट्या आगगाड्या जमवून त्या चालविण्याच्या छंदास पुष्कळ लोक पोरखेळ समजतात. आमच्या मते तो इतिहासलेखनाचाच एक प्रकार होऊ शकतो. मात्र त्यासाठी छंदिष्टाने बाजारातील गाडीपेक्षा आपल्या गावच्या रुळाकडे अधिक पाहिले पाहिजे.

ह्या छंदाचा पाया जर्मनीत घातला गेला. बाहुलीघराचे सामान बनविणाऱ्या मेर्क्लिनच्या कारखान्याने १८९१ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत किल्लीची आगगाडी मांडली. तीत नवे होते ते रुळांचे ठराविक माप. त्यामुळे आज इंजिन, पुढल्या वर्षी डबे, नंतर सांधे, असा संसार वाढविता येऊ लागला व खेळण्याचा संग्रह झाला. १९२० साली लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी ह्यांनी इंग्लंडात आपल्या गाड्या काढल्या. पुढे किल्लीची जागा विजेने घेतली. आज विशेष प्रचारात असलेले प्रमाण १:८७ हे असून त्यात दोन रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते.

नांदुऱ्याच्या वाचकाने येथे थोडे गणित करावे. १६.५ ला ८७ ने गुणिले की १४३५ मिलिमीटर येतात. ही युरोपातील बहुतेक रुळांची रुंदी होय. पण नांदुऱ्यावरून जाणारा भुसावळ-बडनेरा मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १६७६ मिलिमीटर रुंदीचा बांधिला. १८५३ साली मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी गेली, तीही ह्याच रुंदीच्या रुळांवरून. त्याचे लघुरूप १९ मिलिमीटरांहून किंचित अधिक भरते. तेव्हा आमचे इंजिन कितीही हुबेहूब असो, विकतच्या रुळावर ठेविताच ते परमुलखात धावू लागते! ज्यास सत्य हवे, त्याने रूळ स्वतःच्या हातांनी अंथरावेत.

लांबीचा प्रश्न तर ह्याहून कठीण. नांदुऱ्याशेजारच्या जलंबहून खामगावास जाणारा फाटा १८७० साली सुरू झाला. अमेरिकेतील यादवी युद्धात तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला, तेव्हापासून वऱ्हाडच्या कापसावर गिरणीवाल्यांची नजर खिळली होती. खामगावची कापसाची पेठ हेच ह्या फाट्याचे प्रयोजन. हा फाटा जेमतेम तेरा किलोमीटरांचा. तरी १:८७ प्रमाणात त्यास सुमारे दीडशे मीटर जागा लागेल. एवढा दिवाणखाना कोणाचा असणार? म्हणून काही गाळणे प्राप्त. शेते गाळावी, पण गाठींचा धक्का गाळू नये. कारण तो गाळल्यास रूळ का आला हेच कळत नाही. हाच विवेक इतिहासकारासही करावा लागतो.

ह्याच मार्गावर पूर्वेस मूर्तिजापूर लागते. तेथून यवतमाळ व अचलपूर येथे जाणारी अडीच फुटी 'शकुंतला' वऱ्हाडास सुपरिचित. तिचे १९२१ साली मँचेस्टरला घडविलेले वाफेचे इंजिन १९९४ साली निवृत्त झाले. पुढे गाडीही बंद पडली. गंमत अशी की, १:८७ प्रमाणात तिचा रूळ पावणेनऊ मिलिमीटरांचा होतो, आणि ९ मिलिमीटरांचा रूळ तयार मिळतो. म्हणजे जी प्रत्यक्षात थांबली, तीच घरात चालविणे सर्वांत सोपे.

चालविणे हा शब्द आम्ही हेतुपुरस्सर योजिला आहे. पुण्यास कोथरुडात भाऊसाहेब जोशी ह्यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ साली खुले झाले. सिग्नल पडतो, गाडी निघते, हे तेथे मुलांस डोळ्यांनी पाहता येते. काचेच्या कपाटातील इंजिन आकार सांगते. धावणारे इंजिन काम सांगते.

म्हणून आमची नांदुरा-जलंबकडील सुशिक्षित कुटुंबांस विनंती आहे की, मुलांस परदेशी बनावटीची गाडी अवश्य घेऊन द्यावी. परंतु तिच्याबरोबर एक वही द्यावी, आणि जुन्या नोकरदारांकडून आपल्या स्थानकाचा फलाट, मालधक्का, पाण्याची टाकी व सांधे कोठे होते हे तीत उतरवून घेण्यास सांगावे. इंजिने पुढेही विकत मिळतील. सांगणारी माणसे मात्र फार दिवस मिळणार नाहीत.