रोलरब्लेडिंगचे चित्रपटीय चित्रण

रोलरब्लेडिंग, अर्थात ॲग्रेसिव्ह इनलाइन स्केटिंग, हा एका रेषेत चाके बसवलेले बूट घालून कसरती करण्याचा क्रीडाप्रकार आहे. 'रोलरब्लेड' हे मूळचे एका अमेरिकन कंपनीचे नाव असून ते पुढे खेळालाच रूढ झाले. १९९०च्या दशकात या खेळाभोवती तरुणांची एक उपसंस्कृती उदयास आली. तिचे चित्रण व्यावसायिक कथाचित्रपटांत आणि स्केटपटूंनी स्वतः निर्माण केलेल्या चित्रफितींत आढळते.

कथाचित्रपट

रॉब बोमन दिग्दर्शित 'एअरबोर्न' (१९९३) या चित्रपटात कॅलिफोर्नियातील एक लाटास्वार मुलगा सिनसिनाटी येथे नातेवाइकांकडे राहावयास येतो. स्थानिक मुलांच्या हेटाळणीस तोंड देणाऱ्या या मुलाला उतारावरील स्केटिंग शर्यतीत मान्यता मिळते. डिस्ने चॅनलच्या 'ब्रिंक!' (१९९८) या दूरचित्रवाणीपटाचा नायक घरच्या आर्थिक अडचणीमुळे, केवळ आनंदासाठी खेळणाऱ्या मित्रांना सोडून प्रायोजित संघात जातो. हौस आणि पैसा यांतील हा संघर्ष प्रत्यक्ष खेळाडूंपुढेही उभा होता.

स्केटपटूंच्या चित्रफिती

'द होक्स' (१९९४) ही या प्रकारातील प्रारंभीची एक गाजलेली चित्रफीत होय. अशा चित्रफितींना सहसा कथानक नसते. एकेका खेळाडूच्या कसरती संगीताच्या साथीने सलग दाखवल्या जातात. पायऱ्यांलगतचे लोखंडी कठडे, सार्वजनिक चौक व इमारतींची आवारे हेच त्यांचे नेपथ्य असते. कठड्यावरून बूट घसरवत नेण्याच्या कसरतीस 'ग्राइंड' म्हणतात. हातात धरलेला कॅमेरा आणि दृश्य वर्तुळाकार वाकवणारे फिशआय भिंग यांमुळे प्रेक्षकास वेग जवळून जाणवतो. फसलेले प्रयत्न आणि पडण्याची दृश्येही अनेकदा वगळली जात नाहीत. चित्रफितींच्या प्रसारामुळे एका शहरातील नवी कसरत दूरच्या खेळाडूंनाही पाहून शिकता येत असे.

उत्तरकाळ

१९९५ साली ऱ्होड आयलंड येथे झालेल्या पहिल्या एक्स गेम्समध्ये या खेळाचा समावेश होता. २००५ मध्ये तो स्पर्धेतून वगळण्यात आला आणि त्याची दूरचित्रवाणीवरील उपस्थिती घटली. 'बेअरली डेड' (२००६) हा माहितीपट खेळाचा उदय आणि ओहोटी यांचा मागोवा घेतो. मुख्य प्रवाहाने पाठ फिरवल्यानंतरही स्केटपटूंचे चित्रीकरण थांबले नाही. त्यामुळे या चित्रफिती खेळाच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन ठरल्या आहेत.