टार्गेटची गोष्ट: लोखंडी पत्र्यापासून घरच्या कागदापर्यंत

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ घेतलं. तेव्हा आपण सगळ्यांनी रायफल बघितली, ते जाडजूड जॅकेट बघितलं. टार्गेटकडे कोणी बघितलं का? त्यातलं १० गुणांचं वर्तुळ असतं फक्त १०.४ मिलिमीटरचं. साधारण नखाएवढं, आणि तेही अर्ध्या फुटबॉल मैदानाच्या अंतरावर! आजचा एपिसोड त्या टार्गेटवर.

गोष्ट सुरू होते १८६० मध्ये, विंबल्डनला. हो, तेच टेनिसवालं. तिथे इंग्लंडच्या नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा भरली. पहिली गोळी झाडली खुद्द राणी व्हिक्टोरियानं, ४०० यार्डांवरून. अर्थात, नेम आधीच लावून रायफल स्टँडवर बसवली होती, राणीनं फक्त दोरी ओढली. त्या काळी टार्गेट असायचं लोखंडी. शिशाची गोळी आपटून चपटी व्हायची, डाग पडायचा, मग माणूस रंगाचा ब्रश घेऊन तो डाग मिटवायचा. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे लगेच खटकतं: प्रत्येक वेळी लॉगच पुसून टाकायचा! शिवाय एवढं जड लोखंड आणि एवढं मोठं मैदान म्हणजे पैसेवाल्यांचंच काम.

मग आलं १८९९ चं बोअर युद्ध. दक्षिण आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांच्या अचूक नेमानं इंग्रज फौजेला घाम फोडला. सामान्य माणसालाही नेमबाजी आली पाहिजे, असा धोशा लॉर्ड रॉबर्ट्स यांनी लावला. १९०१ मध्ये खास कामगारांच्या रायफल क्लबांसाठी संस्था निघाली. छोटी पॉइंट टू-टू रायफल, २५ यार्डांचं अंतर, आणि लोखंडाऐवजी छापील कागदी कार्ड. एखाद्या हॉलमध्येही जमेल असा स्वस्त मामला.

आणि कागदाची खरी कमाल इथे आहे: भोक तसंच राहतं. कार्ड हाच पुरावा. त्यामुळे क्लब आपापल्या गावात नेम धरायचे, कार्ड पोस्टानं पाठवायचे आणि निकाल लागायचा. इंटरनेटच्या कितीतरी आधीची ऑनलाइन स्पर्धाच की ही!

पण एक गोष्ट विसरायची नाही. तिकडे कामगाराला 'ये, शिक' म्हणणाऱ्या याच सरकारनं इकडे १८७८ च्या शस्त्र कायद्यानं हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार ठेवायला बंदी केली होती, आणि युरोपियनांना मात्र सूट! नेमबाजी कोणी शिकायची, हा प्रश्न पहिल्यापासून राजकीय होता. आज तो जास्त करून पैशाचा आहे. रायफल महाग, गोळ्या महाग. स्वस्त आहे तो फक्त कागद.

म्हणून त्याचं गणित समजून घ्या. शाळेतले समरूप त्रिकोण आठवतात? अंतर १० पट कमी केलं, तर चित्रही १० पट लहान करायचं. ५० मीटरच्या टार्गेटवरचा काळा भाग ११२.४ मिलिमीटरचा असतो. म्हणजे ५ मीटरवरच्या भिंतीसाठी ११.२ मिलिमीटरचा ठिपका. कंपास, पट्टी, काळा स्केचपेन, झालं टार्गेट. प्रिंट काढणार असाल तर स्केल १०० टक्केच ठेवा. 'पानात बसवा' हा पर्याय निवडलात की सगळं माप बिघडलं. कागद चकचकीत नको, उजेड परावर्तित होतो. घरात यावर फक्त रिकाम्या रायफलनं नेम स्थिर धरायचा सराव, तोही कोच सांगतील तसाच. गोळी झाडायची ती रेंजवरच. तिथे मात्र जरा जाड, खरखरीत कार्ड लागतं. पातळ कागद फाटतो आणि भोकाची कड नीट दिसत नाही. रेषेला कड लागली की वरचा गुण मिळतो, म्हणजे फाटलेल्या कागदावर भांडणच.

ऑलिम्पिकमध्ये आता टार्गेट इलेक्ट्रॉनिक आहेत, गुण दशांशात येतात. पण गावातल्या एखाद्या मुलीला आज संध्याकाळी सुरुवात करायची असेल, तर तिच्या वहीत पान आहे. पुढचा खर्च कोणी उचलायचा, यावर तुम्हाला काय वाटतं ते नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!