फिलाडेल्फिया गुणसूत्र : रक्ताच्या कर्करोगाची ओळखखूण

मानवी शरीरातील रक्तपेशी हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेत तयार होतात. तेथील एखाद्या मूळ पेशीत बिघाड झाल्यास तिच्यापासून निर्माण होणाऱ्या पेशींतही तो उतरतो. ‘क्रोनिक मायलॉइड ल्युकेमिया’ हा रक्ताचा कर्करोग याचे ठळक उदाहरण आहे.

निरोगी प्रौढ व्यक्तीच्या एक घन मिलिमीटर रक्तात साधारणतः ४ ते ११ हजार पांढऱ्या पेशी असतात. या आजारात ही संख्या एक लाखाच्याही पुढे जाऊ शकते. एरवी अस्थिमज्जेतच राहणाऱ्या अपक्व पेशीही रक्तात आढळतात. थकवा, वजन घटणे, रात्री घाम येणे, प्लीहा वाढल्याने पोटाच्या डाव्या बाजूस जडपणा वाटणे ही प्रमुख लक्षणे होत. अनेकांना मात्र कोणताही त्रास जाणवत नाही आणि अन्य कारणाने केलेल्या रक्ततपासणीतून आजार उघडकीस येतो.

या बिघाडाचे मूळ गुणसूत्रांत आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना १९६० मध्ये अशा रुग्णांच्या पेशींत एक असाधारण लहान गुणसूत्र आढळले. शहराच्या नावावरून त्यास ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ म्हटले जाते. क्रमांक ९ आणि २२ च्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून त्यांची अदलाबदल झाल्याने ते तयार होते, हे शिकागो येथील जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले. या अदलाबदलीत ‘बीसीआर’ आणि ‘एबीएल’ ही दोन जनुके जोडली जातात. त्यांच्यापासून बनणारे प्रथिन पेशींना वाढीचा संदेश अखंड देत राहते. हा बदल जन्मानंतर घडतो. तो आईवडिलांकडून येत नाही किंवा मुलांकडे जात नाही.

नेमक्या याच प्रथिनाला रोखणाऱ्या इमॅटिनिब या औषधास अमेरिकेत मे २००१ मध्ये मान्यता मिळाली. पूर्वी हा आजार बहुधा काही वर्षांत तीव्र रूप धारण करीत असे. आता बहुसंख्य रुग्ण गोळ्या घेऊन दीर्घकाळ नेहमीचे जीवन जगू शकतात. या औषधाच्या सुधारित रूपावरील पेटंटसाठी नोव्हार्टिस कंपनीने केलेले अपील भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळले. त्यामुळे भारतीय कंपन्यांची अल्प किमतीतील औषधे रुग्णांना मिळत राहिली.

उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच पेशींची संख्या पूर्ववत होते. तेथेच गफलत होण्याची शक्यता असते. रक्ताचा अहवाल चांगला आला तरी दोषयुक्त पेशी अस्थिमज्जेत उरलेल्या असू शकतात. त्यांचा माग काढण्यासाठी ‘पीसीआर’ ही अतिसंवेदनशील चाचणी साधारणतः दर ३ महिन्यांनी केली जाते. बरे वाटते म्हणून गोळ्या सोडल्यास आजार पुन्हा उसळू शकतो, तर अनियमितपणे घेतल्यास औषध निष्प्रभ ठरण्याचा धोका वाढतो. कित्येक वर्षे उत्तम प्रतिसाद टिकलेल्या निवडक रुग्णांचे औषध थांबवता येते. परंतु तो निर्णय तज्ज्ञांनी घ्यावयाचा असतो आणि त्यानंतरही नियमित चाचण्या आवश्यक असतात.