पगचं नाक कुठे गेलं?

२००३ साली ‘हच’ या मोबाइल कंपनीची एक जाहिरात टीव्हीवर आली. एक छोटा मुलगा जाईल तिथे त्याच्या मागोमाग धावणारा बुटका, सुरकुतल्या तोंडाचा कुत्रा लोकांना फार आवडला. बघता बघता पग मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये ‘हचवाला कुत्रा’ म्हणून मिरवू लागला. सोबत त्याचं घोरणं आणि घरघरही आली. मालकांना त्याचं कौतुक वाटे. प्रत्यक्षात तो मुका जीव श्वासासाठी झगडत असतो.

हे चपटं तोंड निसर्गाने दिलेलं नाही, माणसाने घडवलं आहे.

पग मूळचा चीनचा. तिथल्या राजघराण्यांत आखूड तोंडाची छोटी कुत्री लाडाने पाळली जात. समुद्रमार्गे तो हॉलंडला पोचला. १६८९ मध्ये हॉलंडहून आलेलं विल्यम आणि मेरी हे जोडपं इंग्लंडच्या गादीवर बसलं, त्या सुमारास इंग्लंडमध्येही पगची हौस पसरली. चित्रकार विल्यम हॉगार्थने १७४५ च्या आत्मचित्रात आपला लाडका पग ‘ट्रम्प’ रंगवला आहे. चित्र जरूर पाहावं: त्या पगचं नाक चांगलं पुढे आलेलं दिसतं. गोयाने १७८६ च्या सुमारास एका स्पॅनिश सरदारणीच्या पायाशी रंगवलेल्या पगलाही नाक आहे. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीचा पग नाकवाला होता.

मग घडलं काय? एकोणिसाव्या शतकात श्वानप्रदर्शनांची लाट आली. चीनहून इंग्लंडमध्ये आलेल्या ‘लॅम्ब’ आणि ‘मॉस’ या पगांचा वंश तिथे वाढला. १८८३ मध्ये पगप्रेमींचा क्लब निघाला, जातीचे निकष कागदावर उतरले. तोंड जितकं चपटं, तितकं बक्षीस जवळ, असं होत गेलं आणि पैदासकारांनी पिढ्यान् पिढ्या तशीच जोडी जुळवली. नात्यातल्या नात्यात एवढे संकर झाले की २००८ च्या एका अभ्यासानुसार ब्रिटनमधल्या सुमारे १०,००० पगांमधलं जनुकीय वैविध्य जेमतेम ५० कुत्र्यांएवढं भरलं.

कवटी आखूड झाली, पण आतलं मांस त्या प्रमाणात कमी झालं नाही. मऊ टाळू लांबच राहिली आणि घशात लोंबू लागली, नाकपुड्या चिरेएवढ्या अरुंद झाल्या. डोळ्यांच्या खोबणी उथळ झाल्याने डोळे बाहेर आले. साध्या धक्क्यानेही त्यांना जखमा होतात. नाकावरच्या घडीत ओल साचून त्वचेला संसर्ग होतो. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड ठेवतो. ज्याला धापही नीट टाकता येत नाही, त्याला नागपूरचा मे महिना जिवावर बेततो. उन्हात थोडं फिरवलं तरी उष्माघात होऊ शकतो, हे जाहिरात बघून पग घेणाऱ्या किती जणांना कुणी सांगितलं असेल?

लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजने २०२२ मध्ये ४,३०८ पगांच्या नोंदी इतर कुत्र्यांशी ताडून पाहिल्या. श्वसनमार्गाच्या अडथळ्याचा आजार पगांमध्ये जवळपास ५४ पट जास्त आढळला. आता पगला सर्वसाधारण कुत्रा म्हणता येणार नाही, असं संशोधकांनी स्पष्ट लिहिलं.

नेदरलँड्सने यावर कठोर निकष लावला: मुस्कट कवटीच्या लांबीच्या एक-तृतीयांश तरी हवं, नसेल तर पैदास नको. जर्मनीत काही पैदासकार टेरियरशी संकर करून लांब नाकाचे पग तयार करू लागले. ब्रिटनमध्ये केंब्रिज विद्यापीठ आणि केनेल क्लबने २०१९ मध्ये एक तपासणी सुरू केली. कुत्र्याला तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवायचं, आधी आणि नंतर स्टेथोस्कोपने श्वास ऐकायचा, मग श्वसनाची श्रेणी ठरवायची. ही श्रेणी पाहून पैदासीची जोडी निवडता येते. महाराष्ट्रात पिल्लू घेणाऱ्यानेही त्याच्या आईबापांना तसं पळवून दाखवायला सांगावं, शक्य असेल तर सोबत पशुवैद्य न्यावा, आणि विक्रेता टाळाटाळ करू लागला तर पिल्लू घेऊ नये.