नैराश्यावरील औषधे: सुरुवात, सातत्य आणि समाप्ती

नैराश्यावरील औषध घेताना दोन टप्पे विशेष काळजीचे असतात. एक म्हणजे औषध सुरू झाल्यानंतरचे पहिले काही आठवडे आणि दुसरा म्हणजे ते बंद करण्याचा काळ. पुष्कळ रुग्ण नेमके याच टप्प्यांवर डॉक्टरांना न विचारता निर्णय घेतात. गुण दिसत नाही म्हणून काही जण दहा दिवसांत गोळी सोडतात, तर बरे वाटू लागले म्हणून काही जण दोन महिन्यांत ती बंद करतात. या दोन्ही चुका टाळता येण्याजोग्या आहेत.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यानुसार १८ वर्षांवरील सुमारे २० व्यक्तींमागे एकीला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याने ग्रासलेले असते. सौम्य नैराश्यात समुपदेशन व मानसोपचार अनेकदा पुरेसे ठरतात. मध्यम व तीव्र आजारात मात्र औषधांचा आधार घ्यावा लागतो.

औषधांचे गट

नैराश्यावरील आधुनिक औषधोपचाराची सुरुवात १९५० च्या दशकात झाली. क्षयरोगावरील आयप्रोनियाझिड या औषधाने रुग्णांची मनःस्थिती सुधारते, असे तेव्हा आढळले. १९५७ मध्ये स्वित्झर्लंडचे मानसोपचारतज्ज्ञ रोलांड कून यांनी इमिप्रामिनचा उपयोग प्रसिद्ध केला. १९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुऑक्झेटिनला मान्यता मिळाली आणि मेंदूतील सेरोटोनिनवर प्रभाव टाकणाऱ्या औषधांचा वापर जगभर वाढला. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरोक्झेटिन ही याच गटातील औषधे होत. जुन्या गटातील अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारखी औषधे आजही वापरली जातात. मात्र अतिमात्रेत ती हृदयाला अधिक घातक ठरतात.

ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावयाची असतात. औषधाच्या व्यापारी नावाबरोबर त्याचे मूळ नाव आणि मात्रा रुग्णाने लिहून ठेवावी. भारतात एस्सिटालोप्रामबरोबर क्लोनाझेपाम हे शामक एकाच गोळीत मिसळलेली अनेक उत्पादने मिळतात. क्लोनाझेपाम दीर्घकाळ घेतल्यास त्याची सवय जडू शकते. त्यामुळे गोळीत एक औषध आहे की दोन, हे वेष्टनावर पाहून डॉक्टरांकडून समजून घ्यावे.

पहिले सहा आठवडे

एस्सिटालोप्राम प्रौढांना सामान्यतः दिवसातून एकदा १० मिलिग्रॅम दिले जाते. कमाल मात्रा २० मिलिग्रॅम असते. वृद्धांना सहसा १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक देत नाहीत. सकाळी किंवा रात्री, जेवणापूर्वी किंवा नंतर गोळी घेतली तरी चालते. मात्र वेळ ठरलेली असावी. दिवसाची गोळी राहून गेल्यास त्याच दिवशी झोपण्यापूर्वी आठवण होताच घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवले तर चुकलेली गोळी सोडून द्यावी आणि नेहमीची एकच घ्यावी. भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत.

मळमळ, डोकेदुखी, तोंडाला कोरड, झोपेत बदल, अस्वस्थता हे त्रास बहुधा पहिल्या आठवड्यापासूनच जाणवतात आणि हळूहळू ओसरतात. औषधाचा गुण मात्र दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो. पूर्ण परिणामास सहा ते आठ आठवडे लागू शकतात. म्हणजे प्रारंभी त्रास आधी आणि आराम नंतर, असा हा क्रम आहे. तो रुग्णाला व कुटुंबीयांना ठाऊक नसेल, तर औषध बाधत असल्याचा समज होतो आणि उपचार अर्ध्यावर तुटतो. लैंगिक इच्छा कमी होणे हा दुष्परिणाम मात्र टिकून राहू शकतो. संकोचामुळे तो लपवला जातो. डॉक्टरांना सांगितल्यास मात्रा किंवा औषध बदलता येते.

याच काळात तरुण रुग्णांकडे अधिक लक्ष द्यावे लागते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुले व किशोरवयीनांबाबत या औषधांवर ठळक इशारा छापण्याचे आदेश दिले आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. त्यामागील चाचण्यांत आत्महत्येचे विचार किंवा तशी वर्तणूक औषध घेणाऱ्या सुमारे ४ टक्के, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्या सुमारे २ टक्के मुलांत आढळली. त्या चाचण्यांत एकही आत्महत्या झाली नव्हती. २४ वर्षांवरील प्रौढांत अशी वाढ दिसली नाही. उपचार नाकारणे हा या इशाऱ्याचा अर्थ नाही, कारण उपचाराविना राहिलेले नैराश्य हाही जिवाला धोकाच आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत आणि मात्रा बदलताना रुग्णाची वारंवार विचारपूस व्हावी, हा त्याचा अर्थ आहे. रुग्णाच्या मनात असे विचार येत असतील, तर गोळ्यांचा साठा कुटुंबीयांनी स्वतःजवळ ठेवावा.

झोपेची गरजच न वाटणे, अति उत्साह, अखंड बडबड, बेहिशेबी खर्च अशी लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना त्वरित कळवावे. मूळ आजार द्विध्रुवी स्वरूपाचा असल्यास केवळ नैराश्यरोधक औषधाने उन्मादाची अवस्था ओढवू शकते. म्हणूनच पूर्वी स्वतःला किंवा घरात कोणाला असा त्रास झाला असल्यास ते पहिल्याच भेटीत सांगणे महत्त्वाचे असते.

इतर औषधांशी संबंध

सेरोटोनिन वाढवणारी दोन औषधे एकत्र आल्यास शरीरात त्याचा अतिरेक होऊ शकतो. वेदनाशामक ट्रामाडॉल, खोकल्याच्या काही औषधांतील डेक्स्ट्रोमेथॉर्फन, अर्धशिशीवरील सुमाट्रिप्टान आणि सेंट जॉन्स वर्ट ही वनौषधी यांबाबत सावध राहावे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात वापरले जाणारे लिनेझोलिडही यात मोडते. त्यामुळे क्षयरोगाच्या उपचार केंद्रात नैराश्यावरील औषधाची माहिती आवर्जून द्यावी. खूप घाम, ताप, थरथर, जुलाब, स्नायू ताठरणे, छातीत धडधड आणि गोंधळलेपणा एकत्र दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी औषधे सोबत असल्यास रक्तस्रावाची, विशेषतः पोटातील रक्तस्रावाची शक्यता वाढते. पित्तावरील ओमेप्राझोलमुळे एस्सिटालोप्रामचे रक्तातील प्रमाण वाढते. उलटीवरील डोम्पेरिडोन आणि एस्सिटालोप्राम ही दोन्ही औषधे हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम करू शकतात. पित्ताच्या व दुखण्याच्या गोळ्या घरोघरी सहज घेतल्या जात असल्याने हा मुद्दा दुर्लक्षिला जातो. वृद्धांत, विशेषतः लघवी वाढवणारी औषधे चालू असल्यास, रक्तातील सोडियम घटू शकते. अचानक गोंधळ होऊ लागला किंवा तोल जाऊ लागला, तर तो वयाचा परिणाम न मानता रक्ततपासणी करावी. मद्यपान टाळावे.

गर्भवती किंवा गर्भधारणेची इच्छा असलेल्या महिलेने औषध परस्पर थांबवू नये. आईच्या आजाराचा आणि औषधाचा धोका तोलून मानसोपचारतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ मिळून निर्णय घेतात.

औषध बंद करताना

पहिल्याच नैराश्यात लक्षणे पूर्ण गेल्यानंतरही किमान सहा महिने औषध चालू ठेवण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो. आजार पुन्हा पुन्हा उद्भवत असल्यास हा काळ दोन वर्षे किंवा अधिक असू शकतो. बरे वाटणे हा औषधाचा गुण आहे, औषधाची गरज संपल्याची खूण नव्हे.

औषध एकदम थांबवल्यास काही दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड, विचित्र स्वप्ने आणि डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके जाणवू शकतात. पॅरोक्झेटिन व व्हेनलाफॅक्सिन शरीरातून लवकर बाहेर पडत असल्याने त्यांत हा त्रास अधिक होतो. फ्लुऑक्झेटिन दीर्घकाळ टिकत असल्याने कमी होतो. यावरून औषधाचे व्यसन लागले, असा निष्कर्ष काढला जातो. मात्र व्यसनातील ओढ किंवा मात्रा वाढवत नेण्याची गरज येथे नसते. शरीर औषधाला सरावलेले असते आणि त्याला जुळवून घेण्यास वेळ हवा असतो. म्हणून मात्रा काही आठवडे, आवश्यक तर काही महिने, टप्प्याटप्प्याने कमी करतात. शेवटचे टप्पे अधिक लहान ठेवावे लागतात.

बंद करण्याचा त्रास आणि परतलेला आजार यांतील फरक ओळखता येतो. पहिला मात्रा घटवल्यावर काही दिवसांतच सुरू होतो, त्यात झटके व चक्कर अशी शारीरिक लक्षणे ठळक असतात आणि पूर्वीची मात्रा दिल्यास तो लवकर शमतो. परतणारे नैराश्य बहुधा काही आठवड्यांनी वा महिन्यांनी हळूहळू जाणवू लागते.

अनेकदा खंड ठरवून पडत नाही. सणासाठी गावी गेल्यावर गोळ्या संपतात किंवा बदलीच्या नव्या शहरात ओळखीचे डॉक्टर नसतात. प्रवासाच्या दिवसांहून थोड्या अधिक गोळ्या, औषधचिठ्ठीची प्रत आणि मूळ औषधाचे नाव जवळ असल्यास हा प्रसंग टळतो.

केंद्र सरकारची टेली-मानस ही निःशुल्क सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे. तेथे चोवीस तास, मराठीसह अनेक भारतीय भाषांत समुपदेशन मिळते. स्वतःला इजा करण्याचे विचार बळावत असल्यास रुग्णाला एकटे सोडू नये आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकावर संपर्क साधावा किंवा जवळच्या रुग्णालयात न्यावे.