ग्रामसभेत नक्की कोणाचा आवाज ऐकला जातो? शिरूर-दौंडच्या निमित्ताने समजून घ्या

गावात पाण्याची टाकी कुठे होणार, गटार कोणत्या वस्तीत आधी जाणार, हे ठरवण्याचा हक्क गावकऱ्यांना आहे. त्यासाठीच ग्रामसभा असते. पण शिरूर आणि दौंडसारख्या तालुक्यांत 'गावकरी' नेमके कोण, हाच प्रश्न अवघड झालाय.

इथे कोण कोण राहतं?

शिरूर तालुक्यात रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर हा कारखान्यांचा पट्टा आहे. दौंडमध्ये कुरकुंभ एमआयडीसी आणि मोठं रेल्वे जंक्शन आहे. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले कामगार या भागात भाड्याच्या खोल्यांत राहतात. गाळपाच्या हंगामात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. शिवाय भटके-विमुक्त समाजाच्या वस्त्या आणि चाऱ्यासाठी कळप घेऊन फिरणारे मेंढपाळही आहेत.

कायदा काय सांगतो?

७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळालं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेणं बंधनकारक आहे. ग्रामपंचायतींमध्ये महिलांसाठी ५० टक्के जागा राखीव आहेत.

ग्रामसभेचं सदस्य होण्याची अट एकच : गावाच्या मतदार यादीत नाव असणं.

मग अडतं कुठे?

१. मतदार यादी : दहा वर्षं गावात भाड्याने राहणाऱ्या कामगाराचं नाव मूळ गावच्याच यादीत असेल, तर पाणी आणि कचऱ्याचा प्रश्न त्याचाही असूनही त्याला इथे मत नाही.

२. तारीख : २६ जानेवारीला ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात असतो. मजूर तेव्हा आपल्या गावच्या ग्रामसभेत नसतो आणि जिथे कोपी टाकलीय, तिथल्या यादीत त्याचं नाव नसतं. म्हणजे दोन्हीकडे तो गैरहजर!

३. गणपूर्ती : एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. तेवढीही झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. त्यामुळे मोठ्या गावाचा निर्णय मोजकी माणसंही घेऊ शकतात.

ग्रामपंचायत काय करू शकते?

- फक्त फलक आणि दवंडीवर न थांबता खोल्यांच्या चाळींत, कंपनीच्या गेटवर आणि व्हॉट्सॲपवर सूचना देणं. गरज असेल तिथे ती हिंदीतही देणं.
- मुख्य सभेआधी वस्तीवर जाऊन वॉर्डसभा घेणं आणि तिथल्या मागण्या इतिवृत्तात नोंदवणं.
- महिला सभा कागदावर न उरकता बायकांना जमेल अशा वेळी घेणं. बचतगट आणि आशाताईंची त्यात मोठी मदत होते.
- मत नसलेल्यांचं म्हणणंही ऐकून घेणं. ऊसतोड टोळ्यांसाठी पाणी, शौचालय, मुलांची शाळा हे विषय हंगामाआधी मुकादम आणि कारखान्यासोबत बसून ठरवता येतात.
- गेल्या सभेतल्या ठरावांचं काय झालं, हे पुढच्या सभेत आधी सांगणं. बोलून काही होत नाही असं वाटलं, की लोक यायचे थांबतात.

तुम्ही काय करू शकता?

कामानिमित्त इथे कायम राहत असाल तर मतदार नोंदणी इथे करून घ्या. पहिल्यांदाच नोंदणी करताना फॉर्म ६ भरायचा, आधीचं नाव दुसरीकडून हलवायचं असेल तर फॉर्म ८. दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही.

'आमचा गाव, आमचा विकास' अंतर्गत गावाचा वार्षिक आराखडा तयार होतो. तो मागून वाचा. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला १५ टक्के खर्च मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी करणं अपेक्षित आहे. तो कुठे झाला, हा प्रश्न ग्रामसभेत थेट विचारता येतो.

आणि हो, तुमचा प्रश्न इतिवृत्तात लिहिला गेला का, हे सभा संपण्याआधीच बघून घ्या.